लाइन बंद असताना आलेली हाक

दोरी ओढली, काहीच झालं नाही. पुन्हा ओढली. छतावरच्या पांढऱ्या डबीतून नुसता खट् असा कोरडा आवाज आला आणि दोरीचा वरचा तुकडा तुटून माझ्या खांद्यावर पडला.

"बघितलंस?" सिस्टर म्हणाल्या. "काल सकाळी असंच झालं. आंघोळीला गेलेली आजी ओढतेय, ओढतेय, आणि बाहेर आमच्या टेबलावर ना दिवा, ना आवाज. नशीब, तिला फक्त टॉवेल हवा होता."

सर्वणचा हा वृद्धांचा निवास डिचोली शहरापासून जवळच आहे. मागे माडा-पोफळींचं कुळागर, पुढे शेतं. तळमजल्यावर बायका राहतात, वर पुरुष. प्रत्येक खोलीत दोन खाटा आणि खोलीला जोडून बाथरूम. प्रत्येक खाटेशेजारी एक लाल दोरी आणि बाथरूमात एक. यातली कुठलीही ओढली की सिस्टरांच्या टेबलामागच्या पॅनेलवर त्या खोलीचा दिवा लागतो आणि बझर वाजतो. याला आम्ही इमर्जन्सी कॉल म्हणतो. ज्या डबीतून दोरी लोंबते, बाथरूमात छतावरून, खाटेशी भिंतीवरून, तो पुल कॉर्ड स्वीच. बाकी सगळं साधं वायरिंग.

मी मूळची पेडण्याची. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला आणि गेली बरीच वर्षं म्हापशाच्या एका फर्ममध्ये आहे. हॉस्पिटलं, हॉटेलं, असे निवास, या सगळ्यांकडचे अलार्म आणि कॉल सिस्टीम आमच्याकडे मेंटेनन्सला असतात. बायकांच्या विंगमधल्या बाथरूमचं काम निघालं की सर मलाच पाठवतात. आज्यांना बरं वाटतं, आणि मलाही बाथरूमच्या दारात उभं राहून "आत कोण आहे का?" असं ओरडावं लागत नाही.

त्या दिवशीचं काम शेवटच्या खोलीत होतं. खोलीतल्या दोघींना सिस्टरांनी पुढच्या हॉलमध्ये नेऊन बसवलं होतं. मी शिडी लावून वर चढले. स्वीच का गेला ते कळायला वेळ लागला नाही. दोरीला मध्येच गाठ होती आणि गाठीच्या खाली दोरी चपटी झाली होती. लादी पुसताना दोरी ओली होते म्हणून कोणीतरी ती टॉवेलच्या दांड्याला गुंडाळून ठेवत असणार. मग ओढणाऱ्याचा जोर सरळ खाली न लागता तिरका लागतो. डबीच्या कडेवर दोरी घासते, आतली स्प्रिंग वाकते, आणि एक दिवस नुसता खट् आवाज उरतो.

"सिस्टर, ही दोरी बांधायची नसते," मी वरूनच म्हटलं. "टोक लादीला टेकेल इतकी मोकळी सोडायची."

"सांगते गो मी पुसणाऱ्या बायकांना. पण फिनेलच्या पाण्यात भिजते ती."

"भिजू दे. जी माणसं ही दोरी ओढतात ती उभी नसतात. लादीवर पडलेली असतात. हात वर जातच नाही त्यांचा."

 खिशातून पेन काढून सिस्टरांनी तळहातावर काहीतरी लिहिलं. त्यांची ती सवयच आहे.

तेवढ्यात सरांचा फोन आला. दुपारी मोरजीला एका हॉटेलात फायर अलार्मचं काम होतं.

"सुजाता, झालं का तुझं?"

"सर, आत्ता उघडलाय. स्वीच बदलावा लागेल."

"मग बदल. चोवीस व्होल्टची लाइन आहे. चालूवरच बदलून टाक. शॉक लागायचा नाही."

"शॉकचं नाही सर. उघड्या दोन तारा एकमेकींना लागल्या तर पॅनेलचा फ्यूज जाईल आणि सगळी विंग बसेल. त्यापेक्षा सांगून सवरून बंद करते."

 "बरं. मोरजीवाल्यांना मी उशिराचं सांगतो. नीट कर."

आमचे सर घाई करतात, पण कारण सांगितलं की ऐकतात.

आता अडचण अशी होती की या विंगमधल्या सगळ्या खोल्या एकाच लाइनवर होत्या. एक स्वीच काढण्यासाठी लाइन बंद केली की सगळ्यांच्याच दोऱ्या मुक्या होणार. म्हणून बंद करण्याआधी आमचा नियम असा, की प्रत्येक खोलीत जाऊन सांगायचं, की एवढा वेळ दोरी चालणार नाही, आणि तेवढ्यापुरती दुसरी काहीतरी सोय करून ठेवायची.

सिस्टर आणि मी खोली-खोलीत फिरलो. ज्यांना चालवत होतं त्या सगळ्या हॉलमध्ये जाऊन बसल्या. तिथं दीपा नावाची केअरटेकर होती. सकाळी पोदेरानं, म्हणजे पाववाल्यानं, आणलेले उंडे पाव आणि चहा असा कार्यक्रम तिकडे चालू झाला. विंगमध्ये मागे राहिल्या फक्त दोघी, एकाच खोलीतल्या.

त्यातल्या एक शेवंतीमावशी. मोरजीच्या. माणूस लवकर गेला तेव्हा त्यांनी मिरच्या आणि चवळीसारखे अळसांदे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकून घर चालवलं. त्यांचा आवाज म्हणे बाजाराच्या या टोकाला लागला की त्या टोकाचं गिऱ्हाईक वळायचं. हे मला त्यांच्या शेजारच्या खाटेवरच्या आनंदीमावशींनी सांगितलं, कारण शेवंतीमावशी स्वतः सांगू शकत नव्हत्या. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि बोलणंही गेलं. ऐकू यायचं, समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द निघत नसे. खूप जोर केला तर नुसतं "त-त-त" असं यायचं, आणि मग त्यांनाच त्याची लाज वाटून त्या तोंड भिंतीकडे फिरवायच्या. निवासात आल्यापासून त्यांचा एक शब्दही कोणी ऐकला नव्हता.

दुसऱ्या त्या आनंदीमावशी. डिचोलीकडच्याच, प्राथमिक शाळेतून रिटायर झालेल्या बाई. त्या झोपेतसुद्धा बोलतात, असं दीपा म्हणायची. शेवंतीमावशींच्या वतीनंही त्याच बोलत. "तिला चहा नको, पित्त झालंय." "तिला पंखा हळू कर." शेवंतीमावशी कधी मान हलवून हो म्हणत, कधी डोळे मिटून घेत. मला वाटतं, डोळे मिटले की त्याचा अर्थ 'नको' असायचा, पण आनंदीमावशींना तो दिसत नसे.

"आनंदीमावशी, तुम्ही पण हॉलमध्ये चला," सिस्टर म्हणाल्या.

"आणि हिच्याकडे कोण बघणार? ही हाक मारणारे काय?"

त्यांचं बरोबर होतं. मग आम्ही देवघरातली पितळी घंटा आणून त्यांच्या हातात दिली. काही लागलं तर वाजवायची, शेवंतीमावशींना लागलं तरी तुम्हीच वाजवायची, असं सांगितलं. आनंदीमावशींनी वर्ग सुरू करावा तशी ती एकदा वाजवून पाहिली.

"ऐकू येतं ना?"

"येतं, येतं," सिस्टर हसून म्हणाल्या. "मी इथेच पॅसेजमध्ये फेऱ्या मारतेय."

मी पॅनेलवरचा एमसीबी खाली केला. एमसीबी म्हणजे त्या लाइनचं मुख्य बटण. त्यावर चिकटपट्टी लावली आणि 'काम चालू आहे, हात लावू नये' असं लिहिलं. मग पुन्हा शेवटच्या खोलीत जाऊन शिडीवर चढले.

लाइन बंद केली म्हणून तार मेली असं धरून चालायचं नसतं. हात लावण्याआधी तपासायचं. मी मल्टिमीटर लावला. अलार्मच्या दोन तारांवर शून्य. ठीक. पण त्याच डबीत, मागच्या बाजूला, एक तिसरी जाड तार दुमडून कोंबलेली होती. ती माझ्या ड्रॉइंगमध्ये नव्हती. तिच्यावर टेस्टर टेकवला तर टेस्टर पेटला.

मी हात मागे घेतला. कोणीतरी कधीतरी एक्झॉस्ट फॅनची घरगुती विजेची तार सोय म्हणून याच डबीतून फिरवली होती. जॉइंटवरची टेप उन्हाळ्या-पावसाळ्यात सुटून लोंबत होती. चोवीस व्होल्टची समजून मी पक्कड घातली असती तर शिडीसकट खाली आले असते. आणि त्याहून वाईट म्हणजे, ती तार अलार्मच्या तारेला चिकटली असती तर ओल्या हातानं दोरी ओढणारी आजी कशाला हात घालत होती ते तिला कळलंही नसतं.

"सिस्टर!" मी हाक मारली. "जरा इकडे या. हे तुम्ही बघायला हवं."

सिस्टर आल्या. दार शिडीच्या आड येत होतं म्हणून मी ते लोटून घेतलं. टॉर्च मारून त्यांना ती तार दाखवली. फॅनची आणि लाइटची लाइनपण बंद करावी लागेल, ही तार बाहेर काढून वेगळ्या डबीत घालावी लागेल, असं सांगितलं. कुठला एमसीबी कुठल्या दिव्याचा, यावर आमचं बोलणं चाललं होतं. सिस्टर जाऊन तो खाली करून आल्या. मी पुन्हा टेस्टर लावला. आता विझला होता. मग सिस्टरांनी टॉर्च धरला, मी जुना स्वीच सोडवून खाली दिला आणि तारांची टोकं खरवडायला घेतली.

तेव्हा गाणं ऐकू आलं.

आधी वाटलं, हॉलमधला टीव्ही असेल. फुगडीची चाल होती. गणपतीच्या चवथीला आमच्या पेडण्यात बायका गोल धरून घालतात ती, पायांचा ठेका धरणारी. पण ठेका नव्हता, टाळ्या नव्हत्या. एकटाच आवाज होता. जाड, फाटका, आणि इतका मोठा की बंद दारातून माझ्या हातातल्या तारेपर्यंत येत होता.

सिस्टरांचा टॉर्च हलायचा थांबला.

"हा कोणाचा आवाज?" त्या म्हणाल्या.

"हॉलमध्ये कोणीतरी—"

"नाही. हॉल त्या बाजूला आहे." त्यांनी टॉर्च दाराकडे वळवला. "या बाजूला गाणारं कोणी नाही."

आणि मग शब्द कळले. त्या चालीत एकच नाव फिरत होतं. "आनंदी गो, आनंदी... आनंदी गो, आनंदी पडली..."

सिस्टर धावल्या. मी शिडीवरून उतरून त्यांच्या मागे. लाइनी दोन्ही बंद होत्या, त्यामुळे तारा तशाच सोडून जाता आलं. स्क्रूड्रायव्हर हातातच राहिला होता.

खोलीत शेवंतीमावशी खाटेवर एका कोपरावर उठून, खाटेच्या कडेपर्यंत सरकून आल्या होत्या. तोंडाची डावी बाजू पूर्ण उघडी, उजवी लोंबलेली. मानेच्या शिरा ताठ झालेल्या. डोळे बाथरूमच्या दारावर. आणि त्या गात होत्या. आम्ही आत आलो तरी थांबल्या नाहीत. डाव्या हातानं दार दाखवत होत्या आणि गात होत्या.

घंटा आनंदीमावशींच्या उशीशेजारी नीट ठेवलेली होती.

सिस्टरांनी बाथरूमचं दार ओढलं. आतून कडी. "आनंदीमावशी! आनंदीमावशी!" उत्तर नाही.

अशा निवासांतल्या बाथरूमच्या कडीला बाहेरच्या बाजूनं एक खाच असते. त्यात स्क्रूड्रायव्हर घालून फिरवला की आतली कडी सरकते. ती मी फिरवली. दार उघडलं. आनंदीमावशी बाल्दी आणि भिंत यांच्या मध्ये कुशीवर पडल्या होत्या. कपाळाला खोक पडली होती, पण रक्त फार नव्हतं. घाबरवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. त्या घामानं निथळत होत्या, लुगडं ओलं झालं होतं, आणि डोळे अर्धे उघडे असून कुठेच बघत नव्हते.

"शुगर," सिस्टर म्हणाल्या. "शुगर उतरलीय. सकाळचं इन्सुलिन घेतलंय हिनं आणि हॉलमध्ये चहाला गेली नाही."

इन्सुलिनचं इंजेक्शन घेतल्यावर वेळेवर खाल्लं नाही, तर रक्तातली साखर झपाट्यानं खाली जाते. आधी घाम, मग गुंगी, मग बेशुद्धी. त्यापुढचं बोलायला नको. हे मला सिस्टरांनी नंतर समजावलं. त्या वेळी त्यांनी फक्त दीपाच्या नावानं हाक मारली, मला डोकं धरायला सांगितलं, आणि इमर्जन्सी ट्रे आणला. बोटावर सुई टोचून मशीनवर आकडा पाहिला. आकडा फार खाली होता. एका हातानं डॉक्टरांना फोन, दुसऱ्या हातानं दंडाला पट्टा. मी कधी इतक्या पटकन कोणाला शीर सापडलेली पाहिली नाही. ग्लुकोज शिरेतून गेलं.

आम्ही सगळ्या आनंदीमावशींच्या चेहऱ्याकडे बघत होतो. बाहेर खाटेवर ते गाणं चालूच होतं. आता आवाज घोगरा झाला होता, मध्येच तुटत होता, श्वास घ्यायला थांबत होता आणि पुन्हा तिथूनच सुरू होत होता.

मग आनंदीमावशींच्या पापण्या हलल्या. त्यांनी जीभ ओठांवरून फिरवली. सिस्टरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना पहिला प्रश्न पडला तो हा:

"कोण गाता गो ता?"

 सिस्टरांनी दाराबाहेर खाटेकडे बोट दाखवलं.

आम्ही आनंदीमावशींना चादरीवर घेऊन बाहेर आणलं. त्यांचे डोळे उघडे आहेत हे दिसल्यावर शेवंतीमावशी गायच्या थांबल्या. एका क्षणात. रेडिओ बंद केल्यासारख्या. कोपर सुटलं आणि त्या उशीवर पडल्या. मी त्यांच्या खाटेजवळ गेले. त्या घामानं भिजल्या होत्या.

"मावशी," मी म्हटलं, "तुम्ही बोललात."

त्यांनी तोंड उघडलं. जोर केला. "त-त-त," एवढंच आलं. आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

 आत्ता ज्या तोंडातून नाव, हाक, 'पडली' हा शब्दसुद्धा आला होता, त्याच तोंडातून साधं 'हो' येत नव्हतं.

अँब्युलन्स आली, आनंदीमावशींना म्हापशाला नेलं. कपाळाला टाके पडले आणि दोन रात्री देखरेखीखाली ठेवून त्यांना परत पाठवलं. अँब्युलन्स गेली त्याच दिवशी डॉक्टर निवासात येऊन गेले तेव्हा सिस्टरांनी त्यांना शेवंतीमावशींचं विचारलं. मी तिथेच दाराच्या चौकटीत उभी होते. डॉक्टर म्हणाले, झटक्यानं मेंदूचा डावा भाग दुखावतो तेव्हा बोलणं जातं. पण गाण्याचं बरंचसं काम मेंदूची दुसरी बाजू बघते. म्हणून अशा काही माणसांना शब्द उच्चारता येत नाही, तरी तोच शब्द चालीत बसला तर येतो. लहानपणापासून घोळलेली चाल असेल तर जास्तच.

"पण डॉक्टर, नाव तर गाण्यात नव्हतं," सिस्टर म्हणाल्या. "तिनं ते घातलं."

"फुगडीत नावं घालतातच ना?" मी मध्ये बोलले. "आमच्याकडे समोर जिचे हात धरलेत तिचं नाव घालून गातात. ज्या बाईनं जन्मभर फुगडी घातली तिला ते घालायला शिकवावं लागत नाही."

 "तसंच असेल," डॉक्टर म्हणाले. "पण ऐन वेळी, एकट्यानं, तिला हे सुचलं कसं, ते मला विचारू नका. मला माहीत नाही."

ही सगळी गडबड झाली तरी माझं काम अर्धंच होतं, आणि विंगचा अलार्म अजून बंद होता. मी दीपाला शेवंतीमावशींजवळ बसवलं. "मी येईपर्यंत इथून उठायचं नाही, कोणी बोलावलं तरी," असं सांगितलं. मग शेवटच्या खोलीत परत गेले. फॅनची तार त्या डबीतून पूर्ण बाहेर काढली आणि वेगळी डबी ठोकून तिच्यात बंद केली. नवा स्वीच जोडला, प्रत्येक स्क्रू हातानं ओढून पाहिला. बंद लाइनवरच मल्टिमीटर लावून दोरी ओढली. मीटरचा बीप वाजला, म्हणजे आतला संपर्क जुळतोय. मग स्वीचवरची कळ दाबली, बीप थांबला. नवी दोरी लादीपर्यंत सोडली. शेवटी लादीवर आडवी पडले आणि दोरी हाताला येते का पाहिलं. येत होती. हे मी प्रत्येक ठिकाणी करते. आज्या हसतात, पण करते.

मग पॅनेलजवळ आले, चिकटपट्टी काढली आणि दोन्ही एमसीबी वर केले.

बझर लगेच वाजला.

मला वाटलं, आपल्याच नव्या स्वीचमध्ये काहीतरी चुकलं. पण पॅनेलवर दिवा लागला होता तो शेवटच्या खोलीचा नव्हता. शेवंतीमावशींच्या खोलीचा होता. मी धावत गेले. दीपा तिथेच बसली होती.

"काय झालं? दोरी कोणी ओढली?"

"कोणी नाही गो. मी इथेच आहे. यांनी हातसुद्धा हलवला नाही."

मी खाटेच्या डोक्याशी पाहिलं. शेवंतीमावशींच्या डाव्या बाजूच्या स्वीचवर बारीक लाल दिवा पेटला होता. आणि मग मला कळलं.

हे स्वीच अडकणारे असतात. एकदा दोरी ओढली की स्वीच तसाच अडकून राहतो. सिस्टर खोलीत येऊन कळ दाबेपर्यंत सुटत नाही. असं मुद्दाम केलेलं असतं, म्हणजे हाक मारून बेशुद्ध पडलेल्या माणसाची हाक विझू नये. वीज नसताना ओढला तरी तो अडकतो. फक्त दिवा लागत नाही, बझर वाजत नाही. वीज आली की मग वाजतो.

म्हणजे बाथरूममध्ये आनंदीमावशी पडल्याचा आवाज आला तेव्हा शेवंतीमावशींनी सगळ्यात आधी दोरी ओढली होती. डाव्या हातानं, शिकवल्याप्रमाणे, चालणार नाही हे सांगितलेलं असूनही. कोणी आलं नाही. घंटा पलीकडच्या खाटेवर, हाताच्या बाहेर. बोलायचा प्रयत्न केला असेल, तो दरवेळसारखा फसला असेल. बंद दारापलीकडे मैत्रीण पडलेली, आणि आपल्याकडे काहीच नाही. मग त्यांनी काय केलं ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

ओढलेली हाक त्या डबीत तशीच थांबली होती. माणूस वाचवून झाला, अँब्युलन्स निघून गेली, आणि आता ती वाजत होती.

"मावशी, आधी दोरी ओढली होती तुम्ही?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. जणू यात विचारण्यासारखं काय आहे.

मी कळ दाबली. बझर थांबला.  मोरजीचं काम दुसऱ्या दिवशीवर गेलं. सरांना फोनवर सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "घरी जा आता. उद्या सगळ्या साइटचं ड्रॉइंग घेऊन बस. अशी चोरटी तार आणखी कुठे आहे ते बघू."

पुढच्या महिन्यात पुन्हा तिथं गेले तेव्हा आनंदीमावशी कपाळावरची खूण दाखवत सगळ्यांना हीच गोष्ट सांगत होत्या. निवासानं म्हापशाहून एक स्पीच थेरपिस्ट बोलावली होती. ती आठवड्यातून येते, शेवंतीमावशींचा डावा हात धरून मांडीवर ठेका धरते, आणि लहान-लहान वाक्यं चालीत म्हणून घेते. पाणी हवं. थंडी वाजते. चाल हळूहळू सपाट करत नेते, की शेवटी बोलणं उरावं.

"काय मग, बोलायला लागली का तुमची मैत्रीण?" मी आनंदीमावशींना विचारलं.

"बोलायला? भांडायला लागली! परवा मी दीपाला म्हटलं, तिला चहा नको. तर ही माझ्यावर गाऊन ओरडली. होय म्हणे, हवाय चहा!"  मग हळू म्हणाल्या, "इतके दिवस मी हिचा चहा परत पाठवीत होते गो."

शेवंतीमावशी खिडकीशी बसून चहा पीत होत्या. अर्धं तोंड हसत होतं.

मी विजेचं काम करते. माणसाच्या डोक्यातलं वायरिंग मला कळत नाही, आणि डॉक्टरही म्हणाले की त्यांनाही सगळं कळत नाही. एक लाइन गेली तर दुसरीकडून करंट वळवावा तसं त्या बाईनं त्या खाटेवर पडल्या-पडल्या केलं. ड्रॉइंग नाही, शिकवणारं कोणी नाही. त्याचा विचार आला की माझे हात अजूनही थोडा वेळ थांबतात.

कामाच्या पद्धतीत एक बदल केला. घंटा आम्ही धडधाकट माणसाच्या हातात दिली होती, कारण दोघींपैकी हाक मारू शकणारी तीच, असं आम्हाला वाटलं होतं. पडली तीच. आता कुठलीही लाइन बंद करण्याआधी मी खोलीतल्या प्रत्येक माणसाला वेगळी घंटा देते, हाताला येईल अशी. आणि मग पॅसेजच्या टोकाला जाऊन उभी राहते, आणि प्रत्येकाला एकदा मला हाक मारायला सांगते, जशी जमेल तशी. कोणी वाजवतं, कोणी खाटेवर थाप मारतं, कोणी खोकतं. सगळ्यांची ऐकू आली की मगच एमसीबी खाली करते. थोडा वेळ जातो. सर आता विचारत नाहीत.